बाल्डर्स गेट (१९९८ चा कॉम्प्युटर गेम): पहिल्या लेव्हलचा मेज (जादूगार) जगवायचा कसा

पात्र बनवताना इंटेलिजन्स (बुद्धी) १८ आणि कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १६ ठेवा. मेजला सुरुवातीला फक्त ४ हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता) मिळतात, कॉन्स्टिट्यूशनमुळे ते ६ होतात. साध्या मेजऐवजी कॉन्जरर (एकाच प्रकारच्या जादूत मुरलेला मेज) घ्या. प्रत्येक लेव्हलचा एक मंत्र जास्त मिळतो आणि त्यासाठी सोडावं लागतं ते फारसं नाही.

मंत्र लावायच्या दोन्ही जागी ‘स्लीप’ हा झोपवणारा मंत्रच भरा. मॅजिक मिसाइल हा मारा करणारा मंत्र दिसायला झकास, पण या टप्प्यावर एकच गोळा सुटतो; स्लीप अख्खी टोळी आडवी करतं. झोपलेल्यावरचा वार चुकत नाही. सांगाड्यांवर मात्र ते चालत नाही.

मेजला रांगेत सर्वांत मागे ठेवा, हातात गोफण द्या. शत्रू दिसताच स्पेसबार दाबून खेळ थांबवा आणि तो लांब असतानाच मंत्र सोडा. मंत्र म्हणताना बाण लागला की मंत्र वाया जातो, जागाही रिकामी होते.

स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी) मंत्रांच्या वहीत उतरवण्याआधी सेव्ह कराच: इंटेलिजन्स १८ असूनही यशाची शक्यता ८५ टक्केच, आणि फसलं तर स्क्रोल गेला. नवा मंत्र जागेवर लावून मग झोपा; उठल्यावरच तो वापरता येतो.

पाचव्या लेव्हलला फायरबॉल हा आगीचा मंत्र हाती येतो. त्यात आपली माणसंही भाजतात, म्हणून पुढच्या लढवय्यांना आधी मागे खेचा.