पावसाळ्यानंतर घराच्या बाहेरच्या भिंती कशा धुवून घ्याव्यात?

पुण्यात पाऊस ओसरला की सहकारनगर, कोथरूडमधल्या जुन्या बंगल्यांवर छज्ज्याखालून काळे ओघळ उतरलेले दिसतात. पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत आणि झाडाच्या सावलीतली बाजू सगळ्यांत वाईट. हा काळपटपणा नुसत्या धुळीचा नाही, शेवाळ आणि बुरशीचा असतो. त्यावर तसाच रंग मारला तर पापुद्रे सुटतात. म्हणून दिवाळीच्या रंगकामाआधी धुलाई.

माणसं बोलावण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारा. नाण्याने भिंतीवर टकटक करा. भद्द आवाज आला तर तिथला गिलावा सुटलाय. खडूने खूण करा, तिथे जोराने पाणी मारणारं प्रेशर मशीन नको. क्षाराची पांढरी पूड कोरड्या ब्रशनेच झाडा. पाणी मारलं की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. मीटर, बाहेरचे प्लग, एसीचं युनिट प्लॅस्टिकने झाका.

आता मुख्य काम, आणि ते प्रेशरचं नाही. शेवाळ मरतं ते ब्लीचने. घरगुती ब्लीच साधारण 4-5 टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीचला चार भाग पाणी पुरतं. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून रंग उडत नाही ना ते बघा. कुंड्या, वेली साध्या पाण्याने भिजवून झाका. द्रावण खालून वर लावा, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. 10-15 मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. त्यासाठी भिंतीवर ऊन येण्याआधीच सुरुवात करा. मग नायलॉनचा ब्रश मारून वरून खाली धुवा.

काही जण हळूच ॲसिडचा कॅन काढतात. सरळ नाही म्हणा. कोटा, शहाबादी, संगमरवर हे चुन्याचे दगड, ॲसिड त्यांचा पृष्ठभाग कायमचा खातं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मशीन वापरायचंच तर फवारा रुंद, नोझल भिंतीपासून दीड-दोन फूट लांब आणि रोख खालच्या दिशेने. एकाच रेषेत येणारी टोकदार धार सिमेंटचा रंग सोलून काढते. एसीपीच्या (दर्शनी भागावर लावतात त्या ॲल्युमिनियमच्या) पत्र्यांना सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ मॉप बस; सांध्यात धार मारली की पाणी आत शिरतं. बोअरचं पाणी जड असेल तर काचा लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. लहान मशीनलाही मिनिटाला 6-7 लिटर पाणी लागतं. पाणीकपात चालू असेल तर टँकर कोणाचा, हे आधीच ठरवा.

उंच इमारतीत माणूस दोरीवर उतरणार असेल तर कामाची दोरी वेगळी, सुरक्षेची वेगळी, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेल्या हव्यात. गच्चीवर जाऊन स्वतः बघा. टाकीच्या पाइपाला बांधलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. कामगारांचा विमाही विचारा. त्यात संकोच कसला?

शेवटचा हप्ता भिंत पूर्ण वाळल्यावरच द्या, कारण ओलेपणी राहिलेले डाग दिसत नाहीत. भेगा भरणं आणि प्रायमर त्यानंतर.