वाइड अक्षरांचं मल्टिबाइट करताना: बेळगावीचं परस्पर बेळगाव होऊ नये म्हणून

सीमाभागात पतसंस्थेची सभासद यादी असो नाहीतर दूध सोसायटीचा हिशेब, मराठी आणि कन्नड नावं एकाच फाइलीत येतातच. सी प्रोग्रामच्या आत ही नावं डब्ल्यूचार-टीच्या (एका खणात एक वाइड अक्षर ठेवणारा प्रकार) ॲरेत ठेवणं सोयीचं असतं. फाइलीत किंवा स्क्रीनवर पाठवताना मात्र त्यांचं यूटीएफ-८ (एका अक्षराला एक ते चार बाइट लावणारी मल्टिबाइट मांडणी) करावं लागतं. त्यासाठीचं फंक्शन डब्ल्यूसीएसटूएमबीएस. ‘एका ओळीत काम होतं’ असं सांगणारे धडे ढिगाने सापडतात. त्या ओळीला मराठी नाव देऊन पाहिल्याचं मात्र कुठे दिसत नाही. खालचं सगळं लिनक्स आणि जीसीसी (सी कंपायलर) धरून आहे.

आधी लोकॅल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग. सी प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ लोकॅलमध्ये, आणि त्याला देवनागरी कळत नाही. मेनच्या पहिल्याच ओळीत सेटलोकॅल बोलवा, दुसऱ्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या आणि ते नल परत करतंय का बघा. एलसी-ऑल देऊ नका, एलसी-सीटाइप पुरे. अक्षरांसाठी म्हणून दशांश चिन्हाचे आणि तारखांचे नियम बदलून घ्यायचं काही कारण नाही. हाच प्रोग्राम क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) किंवा कंटेनरमधून चालवलात तर तिथे भाषेची सेटिंग बहुधा नसतेच. तिथे नाव स्पष्ट द्या: मशीनवर मराठीचं लोकॅल बसवलेलं असेल तर ते, नाहीतर ‘सी डॉट यूटीएफ-८’.

मग लांबी मोजा. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, कन्नडचाही तेवढेच. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘निपाणी’ म्हणजे ६ कोडपॉइंट, १८ बाइट. ‘खानापूर’ ७, म्हणजे २१. हे हाताने गुणत बसू नका, कारण नावात एखादा इंग्रजी आकडा किंवा स्पेस आली की ती १ बाइटाची असते. फंक्शनला बफरच्या जागी नल दिलं की ते लांबी मोजून देतं. त्यात १ मिळवा आणि तेवढी मेमरी मॅलॉकने घ्या.

डब्ल्यूसीएसटूएमबीएस वापरू नका, मधे ‘आर’ असलेलं डब्ल्यूसीएसआरटूएमबीएस वापरा. ते १९९५ च्या दुरुस्तीपासून सी मानकात आहे. त्याला एमबीस्टेट-टी (रूपांतराची अवस्था लक्षात ठेवणारा प्रकार) लागतं. ते मेमसेटने शून्य करून द्या. पॉइंटरचाही पत्ता लागतो. तिथे मूळ पॉइंटर कधीच देऊ नका, प्रत द्या. फंक्शन तो पॉइंटर पुढे सरकवतं, आणि मूळच दिला असेल तर नंतर फ्री कशाला करणार?

मॅलॉक केलेल्या बफरचं काम इथे संपलं. खरी अडचण फील्डची लांबी आधीच ठरलेली असते तेव्हा येते. जुन्या रेकॉर्डमध्ये गावाच्या नावाला २० बाइट, आणि ती रचना बदलायला कुणी तयार नसतं. मीही सगळ्यात जास्त डोकं इथेच फोडलं आहे.

बहुतेक ठिकाणी सल्ला असा: परत आलेला आकडा आणि तुम्ही दिलेली मर्यादा ताडून पाहा. दोन्ही सारखे असले तर स्ट्रिंग कापली गेली, आकडा कमी असला तर सगळं ठीक. हा सल्ला चूक आहे. इंग्रजी नावांवर तो चालतो, म्हणूनच टिकलाय. आता ‘बेळगावी’ घ्या. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून हेच आहे. ७ कोडपॉइंट, २१ बाइट. मर्यादा २०. फंक्शन अर्धा कोडपॉइंट कधी लिहीत नाही, त्यामुळे ते ६ लिहून थांबतं आणि १८ परत करतं. १८ हे २० पेक्षा कमी, म्हणजे सल्ल्याप्रमाणे सगळं ठीक. प्रत्यक्षात शेवटची ‘ी’ गेली आणि शेवटचा शून्य बाइटही बसला नाही. सी मानकाची तळटीपही एवढंच सांगते की आकडा मर्यादेइतका असेल तर शून्य बसत नाही. कमी असेल तर बसतंच, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

वर फाइलीत जे उरतं ते ‘बेळगाव’. चांगला, ओळखीचा शब्द! यादी तपासणाऱ्या मराठी माणसाला त्यात खोट दिसणारच नाही. सरकारने बदललेलं नाव २० बाइटांच्या फील्डने गुपचूप परत फिरवलं, आणि एकच गाव दोन नावांनी साठलं की तालुकावार बेरीज चुकते.

म्हणून आकड्यावर विसंबू नका, पॉइंटर बघा. स्ट्रिंग पूर्ण झाली असेल तर ‘आर’वालं फंक्शन त्या प्रतीच्या पॉइंटरमध्ये नल ठेवतं. नल नसेल तर काहीतरी राहिलं आहे, आणि पॉइंटर नेमका त्या राहिलेल्या कोडपॉइंटवर उभा असतो. मर्यादा देताना फील्डच्या लांबीपेक्षा १ कमी द्या आणि शून्य स्वतः लिहा.

कापायचंच असेल तर नीट कापा. राहिलेला कोडपॉइंट मात्रा किंवा हलन्त असेल (देवनागरीत ०९३ई ते ०९४डी), किंवा चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग असेल (०९०१ ते ०९०३), तर एक पाऊल मागे या. त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तरीही मागे या. दोन्ही अटी सुटेपर्यंत हेच करा. मग वाइड स्ट्रिंगच्या प्रतीत तिथे शून्य ठेवून पुन्हा रूपांतर करा. ‘बेळगावी’चं आता ‘बेळगा’ होईल. दिसायला वाईट, पण कापलेलं आहे हे कुणालाही कळेल. मला तेच हवं असतं. कन्नडसाठी त्या लिपीच्या चिन्हांची यादी वेगळी घालावी लागेल.

चुकीची तपासणी: रूपांतर जमलं नाही तर साइझ-टी मध्ये उणे १ येतं. साइझ-टीला उणे चिन्ह नसतं, त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधीच खरी होत नाही. उणे १ चं साइझ-टी करून थेट तुलना करा. एरनोमध्ये (चुकीचा क्रमांक ठेवणारी जागा) ईआयएलएसईक्यू, म्हणजे ‘हे अक्षर रूपांतरित होत नाही’, दिसलं तर दहापैकी नऊ वेळा सेटलोकॅल विसरलेलं असतं.

विंडोजवर डब्ल्यूचार-टी २ बाइटांचा असतो. देवनागरी आणि कन्नड त्यात मावतात, इमोजीला मात्र दोन खण लागतात. तिथे मी हा खटाटोप करत नाही, वाइडचारटूमल्टिबाइट वापरतो.

तपासायला ‘चिक्कोडी’ घ्या आणि मर्यादा १४ द्या. ‘चिक्’ आलं तर हलन्ताची अट राहिली आहे. ‘चि’ आलं पाहिजे.