अंमळनेरच्या ओट्यावरून टेक्सासचा प्रीसेप्टर

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सचा, कोर्स करायचा म्हटलं की फी, परीक्षा, व्हिसा यावर सगळे तासन् तास बोलतात. प्रीसेप्टरचं नाव कुणी काढत नाही, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

प्रीसेप्टर म्हणजे आपल्याला सोबत घेऊन रुग्ण तपासायला, निदान करायला, औषध ठरवायला शिकवणारा डॉक्टर किंवा अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर. तिकडच्या 2022 च्या राष्ट्रीय निकषांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान 750 तास सांगितलेत. आधी 500 होते. काही कॉलेजं जागा लावून देतात. बऱ्याच ऑनलाइन कोर्सेसमध्ये मात्र 'तुमचं तुम्ही बघा'. माझं तसंच होतं. म्हणून प्रवेश घेण्याआधीच कॉलेजला ईमेल करून विचारा: प्रीसेप्टर कोण शोधणार? उत्तर लेखी घ्या. फोनवर 'आम्ही मदत करतो' म्हणतात, आणि ती मदत म्हणजे माझ्या बाबतीत एक जुनाट यादी निघाली.

मी टेक्सासमध्ये आयसीयूत नोकरी करत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करत होते. डिसेंबरात भावाच्या लग्नाला अंमळनेरला आले, तेव्हा पुढच्या सेमिस्टरचा प्रीसेप्टर ठरलेला नव्हता. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे सकाळचे नऊ. घरात भरितासाठी वांगी ठेचणं चाललेलं आणि मी ओट्यावर वही घेऊन फोन लावतेय. आजी म्हणे, "कोणले इतला फोन करी राहिनी व?" काकांनी तर तोडगाच काढला: "आपल्या डॉक्टरसाहेबांकडं बस ना महिनाभर, मी सांगतो त्यांना." तसं चालत नाही. प्रीसेप्टरकडे, ज्या राज्यात तास भरायचे त्या राज्याचा चालू परवाना लागतो.

नावं कुठून काढायची? अमेरिकेत प्रत्येक डॉक्टर-नर्स प्रॅक्टिशनरला एनपीआय नंबर (राष्ट्रीय ओळख क्रमांक) असतो आणि त्याची सरकारी नोंदवही ऑनलाइन फुकट बघता येते. तिथे आपला झिप कोड आणि 'नर्स प्रॅक्टिशनर, फॅमिली' टाकलं की कामाचा पत्ता आणि फोन मिळतो. पत्ते कधीकधी जुने असतात, पण सुरुवात होते. सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आणि गावाकडचे दवाखाने आधी घ्या. मोठ्या हॉस्पिटलांच्या रांगेत आधीच आसपासच्या कॉलेजांची मुलं उभी असतात. आपल्या वॉर्डात येणारे डॉक्टर, फार्मासिस्ट, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांनाही विचारा. लाजू नका. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना चार गावांत शब्द टाकतात, तसाच टाका.

माझ्या वहीत 74 नावं होती. समोर रकाने: कधी फोन केला, कोण बोललं, पुन्हा कधी करायचा. 'कोण बोललं' हा रकाना सगळ्यात कामाचा. डॉक्टर फोनवर येतच नाहीत. दवाखान्याचा कारभार ऑफिस मॅनेजरच्या हातात असतो. मी आधी 'मला प्रीसेप्टर हवाय' अशी सुरुवात करायचे आणि दहा सेकंदांत फोन ठेवला जायचा. मग बदललं: "मी नऊ वर्षं आयसीयूत नर्स आहे. जानेवारीपासून आठवड्याला दोन दिवस येऊ शकते. मंगळवार-गुरुवार चालतील का? विमा कॉलेजचा आहे. माझं एक पानी पत्रक कुणाच्या नावानं पाठवू?" शेवटचा प्रश्न विसरू नका. नाव मिळालं की पुढचा फोन ओळखीचा होतो.

त्या एका पानावर कोणता विषय, किती तास, कुठल्या तारखा, नर्सिंगचा परवाना, लसीकरण, टीबीची तपासणी, पार्श्वभूमी तपासणी, एवढंच. प्रीसेप्टरचा फायदाही दोन ओळींत लिहा. एएनसीसी या नर्सना प्रमाणपत्र देणाऱ्या तिकडच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला नूतनीकरणासाठी प्रीसेप्टरकीचे 120 तास धरता येतात. जॉर्जिया, मेरीलँडसारख्या काही राज्यांत आयकरात सवलतही आहे. पण खरी अडचण वेळेची. विद्यार्थी सोबत असला की दिवस लांबतो. 'रुग्णाची माहिती मी आधी घेऊन ठेवीन, नोंदी त्याच दिवशी संपवीन' हे वाक्य माझ्या पत्रकात सगळ्यात वर होतं.

आता माझी फजिती. पहिल्या सेमिस्टरला एका बालरोगतज्ज्ञांनी होकार दिला आणि मी निर्धास्त झाले. कॉलेज आणि दवाखान्यात करार व्हावा लागतो, हे मला ठाऊक होतं; तो नऊ आठवडे कॉलेजातच अडकेल हे नव्हतं. तोवर जागा दुसरीला गेली. तेव्हा होकार मिळाला की त्याच दिवशी कराराचे कागद पाठवा आणि दर सोमवारी कॉलेजला आठवण करा. कॉलेजचे आधीच करार झालेले दवाखाने विचारून घ्या. तिथं हे लफडंच नसतं. शोध किमान सहा महिने आधी सुरू करा, डिसेंबरात ओट्यावर बसून नव्हे.

पैसे घेऊन प्रीसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्या आहेत. खर्च हजारो डॉलरांत जातो. सगळे रस्ते बंद झाले तरच त्यांच्याकडे जा, आणि कॉलेजनं प्रीसेप्टर नाकारला तर पैसे परत मिळतील का, हे आधी लेखी घ्या.

शेवटी वहीतल्या एका दवाखान्याचा होकार रात्री सव्वादहाला आला. मॅनेजरबाई म्हणाल्या, कागद आजच फॅक्स करा. अंमळनेरात, रात्री, फॅक्स! त्यात लाइट गेली. भावाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट घेऊन फॅक्सचं अॅप उतरवलं आणि सात पानं पाठवली, तोवर माझ्या ताटातलं भरीत गार झालं होतं.

जागा मिळाल्यावर शेवटच्या आठवड्याची वाट न बघता मधेच केव्हातरी प्रीसेप्टरला विचारा, पुढच्या विषयासाठी तुमच्या ओळखीचं कुणी आहे का. माझ्या प्रीसेप्टरनं तिथल्या तिथं मैत्रिणीला मेसेज केला, आणि हुकलेली बालरोगाची जागा मला तिच्या दवाखान्यात मिळाली.