या चुका टाळा: मैदानी स्पर्धेच्या दिवशी मुलांचे पदक कुठे निसटते

नाशिक जिल्ह्यात धावणाऱ्या मुलांची वानवा कधीच नव्हती. हरसूल भागातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची जी मुले आज आमच्या क्लबमध्ये येतात, त्यांच्या घरी हे नाव ठाऊक असतेच. या मुलांच्या दमाबद्दल आणि चिकाटीबद्दल मला कधी शंका वाटली नाही. जिल्हास्तरीय स्पर्धांना मुले घेऊन जाताना मला वारंवार दिसले ते वेगळेच आहे. आपण त्यांच्याकडून धावण्याचा सराव करून घेतो, स्पर्धेचा सराव मात्र करून घेत नाही. पुकारा झाल्यावर कुठे उभे राहायचे, पावले कशी मोजायची, रिलेतील बॅटन (एकमेकांच्या हाती द्यायची नळी) पडली तर ती कोणी उचलायची, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते आणि तोपर्यंत शर्यत हातची गेलेली असते.

वय आणि नावनोंदणी

वयोगट शाळेच्या इयत्तेवरून ठरवू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 18 वर्षांखालील गटात स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 16 किंवा 17 वर्षांचा असलेला खेळाडू येतो. स्थानिक आणि शालेय स्पर्धांच्या परिपत्रकांत गट आणि कटऑफ तारीख वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येक परिपत्रक नव्याने वाचावे. गट चुकला की गोळ्याचे वजनही चुकते. 18 वर्षांखालील मुलांचा गोळा 5 किलोचा आणि मुलींचा 3 किलोचा असतो, तर 20 वर्षांखालील गटात तो अनुक्रमे 6 आणि 4 किलोचा होतो. वर्षभर हलका गोळा फेकून सराव केलेल्या मुलाच्या हातात ऐनवेळी जड गोळा आला, तर त्याचे तंत्रच कोलमडते. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा बोनाफाईड यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात, तसेच चेस्ट नंबर लावायच्या सेफ्टी पिनांची एक डबी क्लबच्या पिशवीत कायम असावी. चार पिनांसाठी मुले मैदानभर फिरताना मी पाहिली आहेत.

सकाळी सातचा वॉर्मअप, अकराची शर्यत

डिसेंबरात नाशिकची सकाळ कडाक्याची असते आणि निफाडकडून येणारी मुले तर गारठूनच उतरतात. मैदानावर पोहोचताच सगळ्यांना एकत्र पळवण्याचा मोह होतो. पण ज्याची हीट (प्राथमिक फेरी) अकरा वाजता आहे, त्याच्या सातच्या वॉर्मअपचा उपयोग आठ वाजेपर्यंत संपलेला असतो. नंतर तो गॅलरीत बसून राहतो, स्नायू पुन्हा आखडतात आणि कॉल रूममधून, म्हणजे शर्यतीपूर्वी खेळाडूंची हजेरी घेतात त्या जागेतून, थेट ट्रॅकवर गेल्यावर पहिल्याच जोराच्या पावलात मांडीचा मागचा स्नायू धरतो. वेळापत्रक हाती येताच प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन वेळा लिहाव्यात: वॉर्मअप सुरू करण्याची, कॉल रूममध्ये हजर होण्याची आणि प्रत्यक्ष शर्यतीची. हळू धावणे, स्ट्रेचिंग, ड्रिल आणि शेवटी दोन-तीन वेगवान धावा हे सारे कॉल रूमच्या वेळेआधी पाच-दहा मिनिटे संपले पाहिजे. त्यानंतर स्वेटर किंवा ट्रॅकसूट शर्यतीच्या पुकाऱ्यापर्यंत अंगावरच राहू द्यावा.

खाण्याबद्दल एवढेच सांगतो की रविवारची मिसळ स्पर्धा संपल्यावर खावी. सकाळी नागलीची भाकरी, पोहे, केळे असे नेहमीचे आणि पचायला हलके अन्न शर्यतीच्या दोन-तीन तास आधी पोटात गेलेले असावे.

एकाच टाळीवर शिकलेला स्टार्ट

धावण्याच्या शर्यतीत एकच फॉल्स स्टार्ट, म्हणजे इशाऱ्याआधी सुटणे, बाद होण्यास पुरेसा असतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा नियम 2010 पासून आहे. सराव घेणारे सर रोज ‘सेट’ म्हटल्यावर साधारण तेवढ्याच वेळाने टाळी वाजवतात आणि मुलाचे कान त्या अंतराला सरावतात. स्पर्धेतील स्टार्टरने सगळे स्थिर होईपर्यंत थोडे थांबवले की हे मूल आवाजाआधीच सुटते. यावरचा उपाय सोपा आहे. आज्ञा दरवेळी वेगळ्या माणसाने द्यावी, ‘सेट’नंतरचा वेळ कधी कमी कधी जास्त ठेवावा आणि मधूनच ‘स्टँड अप’ म्हणून सगळ्यांना परत उभे करावे. सुटताना पाय टेकवायचे स्टार्टिंग ब्लॉकही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पाहायला मिळू नये. पुढचा ब्लॉक रेषेपासून साधारण दोन पावले मागे आणि मागचा तीन पावले मागे, एवढ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपले माप वहीत लिहून ठेवावे. इथे पाऊल म्हणजे एका बुटाच्या टोकाला दुसऱ्याची टाच लावून मोजलेली बुटाची लांबी.

शेवटची रेषाही शिकवावी लागते. निकाल धडावरून ठरतो, डोक्यावरून किंवा हातावरून ठरत नाही. तरी मुले रेषेवर उडी मारतात किंवा दोन पावले आधीच मान वळवून शेजारच्याकडे पाहतात. रेषेच्या पुढे दहा मीटरवर शंकू ठेवून तिथपर्यंत पूर्ण वेगात धावण्याची सवय लावावी.

800 मीटरमध्ये पहिले वळण संपून ब्रेकलाईन येईपर्यंत आपली लेन सोडता येत नाही, हे रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलांना माहीत नसते. लांब शर्यतींत हीच मुले घोळक्याच्या बाहेरून दुसऱ्या लेनमधून धावत राहतात. तिथे प्रत्येक फेरीला सुमारे 7 मीटर जास्त पडतात, म्हणजे 3000 मीटरच्या साडेसात फेऱ्यांत 50 मीटरहून अधिक अंतर मूल विनाकारण धावते.

‘सर, माझा पाय रोज बोर्डवरच पडतो’

लांब उडीतील एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण ती चूक माझी होती. आमच्या क्लबची एक मुलगी मातीच्या मैदानावर सराव करत असे. तिचा रनअप तिने पावलांनी मोजलेला होता आणि टेकऑफचा पाय फळीवर अचूक पडत असे. स्पर्धा सिंथेटिक ट्रॅकवर होती आणि तिने एका मैत्रिणीचे स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) मागून घेतले होते. पहिली उडी फाऊल झाली. मी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा फळीच्या पुढे फाऊल कळण्यासाठी लावलेल्या मऊ प्लॅस्टिसिनवर तिच्या स्पाइक्सच्या टोकांचे तीन ठिपके स्पष्ट उमटलेले होते. ‘सर, माझा पाय रोज बोर्डवरच पडतो,’ असे ती रडवेल्या आवाजात म्हणाली आणि ते अगदी खरे होते. सिंथेटिकवर पायाला उसळी मिळते, पाऊल लांब पडते, आणि पंधरा-सोळा पावलांत तो थोडा थोडा फरक साठून वीतभर होतो. मी तिला ‘जरा जपून धाव’ असे सांगितले. तो सल्ला चुकीचा ठरला, कारण तिने शेवटची पावले आखडती घेतली आणि वेगच गेला.

अशा वेळी मुलाच्या धावण्यात बदल करू नये, खूण हलवावी. पाय जितका पुढे गेला, तितकीच सुरुवातीची खूण मागे न्यावी, आणि पाय मागे पडत असेल तर खूण पुढे आणावी. त्यासाठी रनअप टेपने मोजलेला असला पाहिजे. बूट बदलले की पावलांनी घेतलेले माप बदलते, म्हणून मीटरमधला आकडा वहीत असावा. आठ खेळाडूंहून जास्त असतील, तर साधारणपणे सर्वांना तीन प्रयत्न आणि पहिल्या आठ जणांना पुढचे तीन मिळतात. त्यामुळे पहिला प्रयत्न बिनफाऊल व्हावा यासाठी खूण थोडी मागे ठेवणेच शहाणपणाचे आहे. नाव पुकारल्यावर प्रयत्न सुरू करायला एक मिनिट असतो. खूण शोधण्यात तो संपू देऊ नये.

मागून घेतलेल्या स्पाइक्सबद्दल माझे मत ठाम आहे: ते घालू नयेत. अनवाणी धावायला नियमांची आडकाठी नाही, आणि वर्षभर अनवाणी धावलेल्या मुलाला ऐनवेळी दुसऱ्याच्या मापाचे बूट चढवल्याने फोडच येतात. स्वतःचे स्पाइक्स असतील, तर सिंथेटिक ट्रॅकवर खिळ्याची लांबी 9 मिलिमीटरपर्यंतच चालते, उंच उडी आणि भालाफेकीत 12 पर्यंत.

गोळाफेक आणि थाळीफेकीतली सर्वांत दुःखद चूक चांगल्या फेकीनंतर होते. मूल आनंदाने पुढूनच वर्तुळाबाहेर पडते आणि पंच लाल झेंडा दाखवतात. गोळा जमिनीवर पडेपर्यंत आत थांबायचे आणि मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचे, हे सरावातील प्रत्येक फेकीला पाळावे. एकटा सराव करतानाही.

रिले: चार वेगवान मुले म्हणजे संघ नव्हे

4×100 रिलेमध्ये माझ्या डोळ्यांदेखत सर्वाधिक पदके गेली आहेत. बॅटन बदलण्याचा सराव बहुतेक ठिकाणी हळू धावत केला जातो, त्यामुळे हातात हात बरोबर येतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. पूर्ण वेगात मात्र तीच जोडी एकमेकांना गाठू शकत नाही. बॅटन घेणाऱ्याने चेकमार्क ठरवावा, म्हणजे येणारा धावपटू त्या खुणेवर पोहोचताच आपण मागे न पाहता सुटायचे. पूर्ण वेगात चार-पाच वेळा करून पाहावे. देणारा घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नसेल, तर घेणारा लवकर सुटतो आहे, म्हणून चेकमार्क एक-दोन पावलांनी जवळ आणावा. देणारा अंगावर येऊन आदळत असेल, तर चेकमार्क लांब न्यावा. दुरुस्ती एवढीच आहे. पण ती दमलेल्या पायांनी केली तर आकडा खोटा येतो, म्हणून सरावाच्या सुरुवातीलाच करावी.

सिंथेटिक ट्रॅकवर चुन्याची खूण चालत नाही. 5 बाय 40 सेंटिमीटरपर्यंतची एक चिकटपट्टी लावता येते, तेव्हा पट्टी आपल्या पिशवीतच हवी. बॅटन बदलण्याचा झोन आता 30 मीटरचा असतो. पूर्वी 20 मीटरचा झोन आणि त्यामागे वेग घेण्यासाठी 10 मीटर अशी रचना होती आणि काही मैदानांवर त्या जुन्या खुणा अजून दिसतात. कोणती रेषा धरायची, हे स्पर्धेपूर्वी पंचांना विचारून चारही मुलांना त्या जागी नेऊन दाखवावे. झोनमध्ये असायला हवी ती बॅटन. मुलांचे पाय कुठे आहेत यावर निर्णय होत नाही. बॅटन पडली तर ती ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. दुसऱ्याने मदतीच्या भावनेने उचलली की संघ बाद होतो. आणि बॅटन दिल्यावर ट्रॅक मोकळा होईपर्यंत आपल्याच लेनमध्ये थांबावे, दमून शेजारच्या लेनमध्ये कोसळू नये.

दोन प्रकार एकाच वेळी आले तर

स्थानिक स्पर्धेत 200 मीटरची हीट आणि लांब उडी एकाच वेळी पुकारली जाणे नेहमीचे आहे. मूल घाबरून एक प्रकार सोडून देते किंवा न सांगता निघून जाते. त्याऐवजी उडीच्या पंचांना स्वतः जाऊन सांगावे. त्या फेरीतला प्रयत्न क्रम बदलून आधी किंवा नंतर घेण्याची परवानगी ते देऊ शकतात. न सांगता गेलेल्या मुलाचा तो प्रयत्न ‘पास’, म्हणजे त्याने सोडून दिलेला, धरला जातो आणि त्या फेरीत परत मिळत नाही. मुलाने पंचांशी नम्रपणे, पण स्पष्ट बोलावे. त्याची जागा पालकांनी घेऊ नये.

निकालाविरुद्धची तक्रार

एका स्पर्धेत आमच्या मुलाचा क्रमांक चुकीचा लिहिला गेला. पालक टेबलाभोवती जमून मोठ्याने बोलू लागले आणि त्या गोंधळात खरी तक्रार कोणी मांडलीच नाही. नियम असा आहे की निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत खेळाडूने किंवा त्याच्या वतीने जबाबदार व्यक्तीने रेफरींकडे तोंडी तक्रार करावी आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर ज्युरीकडे लेखी अपील करावे. म्हणून निकाल लागतो त्या फलकाजवळ क्लबचे एक मोठे माणूस वही घेऊन उभे असावे आणि आपल्या प्रत्येक मुलाचा चेस्ट नंबर, लेन, क्रमांक आणि निकाल जाहीर झाल्याची वेळ त्याने जागेवरच लिहावी. त्या दिवशी आमच्याकडे सगळे काही तोंडपाठ होते, फक्त निकाल किती वाजता जाहीर झाला एवढे सांगता आले नाही आणि तक्रार ऐकून घेतली गेली नाही.