खानदेशच्या उन्हात रीफ टाकीचं पाणी कसं सांभाळावं

आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड असतं ते कुकरच्या तळाशी बसणारा पांढरा थरच सांगतो. त्या पाण्यात मीठ कालवून रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची (कोरलची) टाकी, भरू नका. त्यात आधीच काय काय विरघळलंय याचा नेम नसतो, आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं. पण घरच्या बऱ्याच आरओंमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेकॅनिकला सांगून मेंब्रेनमधून थेट येणारी नळी वेगळी काढून घ्या आणि तिच्यापुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

त्या पाण्यात रीफ टाकीसाठीचं तयार समुद्री मीठ टाका. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागतं. नेमकं प्रमाण पाकिटावर असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) खारेपणा हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, आला की बस. स्वयंपाकाचं मीठ चालणार नाही, ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं.

खानदेशात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. टाकी २५ ते २७ अंशांवर ठेवायची आणि बाहेर पारा ४५ च्या घरात. पाण्यावर पंखा लावला तर कोरड्या हवेत टाकी चांगली गार राहते, पण पाणीही झपाट्याने उडतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. १०० लिटरच्या टाकीतून पाच लिटर उडालं की ३५ चा खारेपणा ३६.८ होतो. म्हणून भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. मिठाच्या पाण्याची कधीच नाही. रोज थोडी थोडी घाला. ऑटो टॉप-अप (आपोआप भर घालणारं यंत्र) घ्यायचं नसेल तर ठिबकची बारीक नळी आणि छोटा कॉक आपल्याकडे कुठल्याही कृषी केंद्रात मिळतो. बादली टाकीपेक्षा उंच ठेवा, पण बादलीत एका दिवसापुरतंच पाणी असू द्या, म्हणजे कॉक बिघडला तरी टाकी वाहणार नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा असर घटतो. घरात डेझर्ट कूलर असेल तर त्या खोलीत उन्हाळ्यातही तेच होतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत असेल तर हा प्रश्नच मिटतो.

खारेपणा जागेवर आल्यावरच बाकीच्या टेस्ट करा. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, डीकेएच हे तिचं माप) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. आधी मॅग्नेशियम बघा. ते कमी असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात, कितीही ओता, आकडा वर सरकत नाही. मग अल्कलिनिटी. कडक कोरल तीच सर्वात भराभर ओढतात, म्हणून नवी टाकी असेल तर ती रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. बेकिंग पावडर मात्र नको. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. माझ्या मते ७.५ वर टिकून राहिलेली टाकी, आज ७ आणि उद्या १० करणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी बरी.

कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, १०० लिटरला १० मिलिग्रॅम वाढवायला सुमारे ३.७ ग्रॅम. सोडा आणि हे एकत्र कालवू नका. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे शिकवावं लागत नाही: कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत तो एका टाकीत घालत नाही, ड्रिपर चोंदतात. इथेही तसंच, पाणी दुधासारखं पांढरं होतं. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत आरओच्या पाण्यात विरघळवा, पंपाच्या धारेत हळूहळू सोडा आणि मध्ये काही तास जाऊ द्या.

पीएच ८ ते ८.४ असला की झालं. एसीसाठी खोली दिवसभर बंद असेल तर कार्बन डायऑक्साइड साठून तो उतरतो. औषध ओतण्याआधी खिडकी उघडून बघा. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम चालतं, अगदी शून्यावर नेऊ नका, कोरल फिके पडतात.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी मीठ टाकून पंपाने घुसळत ठेवा आणि टाकीत ओतण्याआधी दोन्हीकडचं तापमान आणि खारेपणा जुळवून घ्या.