कोकणात बदलीवर आलात आणि मूल वाचताना अडखळतंय?

2010 साली मी बीडहून कणकवली तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. तेव्हापासून दर जूनला घाटावरून नवे शिक्षक, तलाठी, बँकेतली माणसं सहकुटुंब येताना बघतेय. भाड्याचं घर, गॅस, मुलांचे दाखले मार्गी लागले की दिवाळीच्या सुमाराला एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते, "मॅडम, तुमच्या थोरल्याला कुठं दाखवलं होतं?" हे सगळं तिच्यासाठी.

पहिली गोष्ट भाषेची. आपलं पोर नव्या वर्गात बसतं, बाजूचा मालवणीत विचारतो, "काल खंय गेललंस?" (काल कुठं गेला होतास?) आणि आपलं पोर गप्प. याला अडचण म्हणू नका. मुलं चार महिन्यांत मालवणी उचलतात, आपल्याआधी. पण बोलण्यात रुळलेलं मूल वाचताना-लिहिताना तिथंच अडून राहिलं, तर थांबू नका; ती एलडी, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणित अडणं) असू शकते.

माझा थोरला तिसरीत होता. भरती-ओहोटी का येते, चंद्राचा त्यात काय हात, हे तो तोंडी घडाघडा सांगायचा. श्रुतलेखनाची वही उघडली की "सूर्य"चा "सुय" झालेला, रफार गायब. "किनारा"चा "कनिरा", म्हणजे वेलांटी पुढच्या अक्षरावर. भ आणि म, घ आणि ध यांची सरमिसळ. धडा वाचून दाखवताना बोट एका ओळीवर आणि तोंडात पाठ केलेली दुसरीच ओळ. मी स्वतः शिक्षिका, तरी वर्षभर त्याला "लक्ष देत नाहीस" म्हणून ओरडत राहिले. ते वर्ष मला अजून टोचतं. तुमचं तसं जाऊ देऊ नका.

सुरुवात कान-डोळ्यांपासून करा. "हाक मारली की ओ देतो की" एवढ्यावर भागवू नका. ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्या, डोळेही तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञ. यासाठी लांब जायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. पथक यायच्या दिवशी वर्गशिक्षकांच्या हाती दोन ओळींची चिठ्ठी द्या: मूल नेमकं कुठं अडतं. नाहीतर वजन-उंची होऊन मूल पुढं सरकतं. पथकाने संदर्भ चिठ्ठी दिली की ओरोसला सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, विचारपूस सोपी जाते. आणि पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना भेटाच. बऱ्याच पालकांना ही माणसं आहेत हेच माहीत नसतं.

एलडीची खरी चाचणी मानसशास्त्रज्ञ करतात: बुद्ध्यांक, आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. इथं मी फसले, म्हणून सविस्तर सांगते. घाट चढून एका खाजगी केंद्रात गेलो. तासाभरात अहवाल हातात आला, "मंद बुद्धी." नंतर कळलं की मराठी माध्यमाच्या माझ्या मुलाला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला दिली होती. एलडी आणि मतिमंदत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलडी असलेल्या मुलाची बुद्धी साधारण किंवा त्याहून चांगली असते. त्याला मतिमंद मुलांच्या शाळेत घालायचं नसतं. म्हणून जायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक, दोघांनाही तो लागतो. नुसता समुपदेशनाचा कोर्स केलेली व्यक्ती ही चाचणी घेऊ शकत नाही. चाचणी मुलाच्या शाळेच्या भाषेत होणार का? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली आणलेली "डाली" ही वाचनातल्या अडचणी तपासायची चाचणी मराठीतही आहे, तेव्हा मराठीत साधन नाही हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि किती बैठका? एका तासात सगळं उरकतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मुंबईला जायचं तर सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत या मुलांसाठी जुनी, अनुभवी व्यवस्था आहे. कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री कणकवलीहून बसलात की पहाटे दादर. पण त्याच सकाळी चाचणीला नेऊ नका. अर्धवट झोपेतलं मूल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. एक दिवस नातेवाइकांकडे काढा. तारीख गणपतीच्या आसपास घेऊ नका, तिकीटच मिळत नाही. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि करूळ किंवा फोंडा घाटात दरड कोसळली की कोल्हापूरही लांब पडतं, त्यामुळे मी सांगेन की दिवाळी ते मे यातच हे काम बसवा.

आता दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एलडी आहे. दाखला वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतो, 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. अर्ज राहत्या जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे जातो, म्हणून आधारवरचा बीड-लातूरचा पत्ता आधी बदलून घ्या. ओरोसला जाण्यापूर्वी दाखला देणारं वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसतं ते फोनवर विचारा. दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा, गरज असेल तर लेखनिक मिळतो; तो प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय परीक्षा मंडळाकडे जातो. नववीतच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे तुम्ही दोनदा जाल, तीनदा जाल. मूल वाचायला शिकतं ते आठवड्यातून दोनदा समोर बसणाऱ्या विशेष शिक्षकाजवळ. निदानासाठी लांब जावं लागलं तरी चालेल, पण शिकवणारं माणूस एसटीच्या एका फेरीत पोचता येईल इतकं जवळ हवं. दोघांत पैसे वाटायचे तर जास्त या शिक्षकावर घाला. आमच्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, पाऊण तास. पहिले दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने उच्चारायचं. रविवारी आम्ही देवगडला पुळणीवर तेच ओल्या वाळूत करायचो, हातभर उंचीची अक्षरं, लाट येऊन पुसायच्या आत वाचायची. "कि" आणि "की" त्याला तिथं बसलं. दीड वर्षाने तो एसटीच्या पाट्या स्वतःहून वाचू लागला.

मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचे क्लास, स्मरणशक्तीची पावडर यांच्यावर एक रुपयाही घालू नका. एलडीवर गोळी नाही. मूल अतिचंचल असेल तर मात्र डॉक्टर औषध देऊ शकतात, तो निर्णय त्यांच्यावर सोडा. शेजारच्या काकी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालू म्हणाल्या, मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांचा जीव होता माझ्या पोरावर, आणि परक्या गावात तो आधार मला फार मोठा होता.

आणि दुसरीपासूनच्या वह्या रद्दीत घालू नका. तपासणीला त्या मागतात. इथल्या पावसात कागदाला बुरशी धरते, तेव्हा मे संपायच्या आत वह्या, प्रगतिपुस्तकं आणि अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.