सिंगापूरला शिकायला जाताय? आधी कपाट सांभाळा

सिंगापूरची हवा म्हणजे मुंबईचा जून, पण बाराही महिने, त्यामुळे कपडे पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात अजिबात ठेवू नका, लेदरचा बेल्ट, बूट, बॅग यांच्यावर बघता बघता पांढरी बुरशी चढते, सुपरमार्केटमध्ये ओलावा शोषणारे प्लास्टिकचे डबे मिळतात ते लगेच आणा आणि तळाशी पाणी साठलं की बदला. बाहेर घामाघूम पण लायब्ररीत एसीने कुडकुडायला होतं, सॅकमध्ये पातळ जॅकेट हवंच. छत्री पण. नळाचं पाणी बिनधास्त प्या. प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, अ‍ॅडॅप्टर घरूनच न्या. आणि कढीपत्ता, भेंडी हवी असेल तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर, सकाळी लवकर जा.